गिरिजाबाईनं हात वर केला नाही

गिरिजाबाईच्या शेळ्या तिचं ऐकत, हे गायदरावाडीत सगळ्यांना मान्य होतं. गिरिजाबाई कुणाचं ऐकत नसे, हेही मान्य होतं.

हसनाबादहून कोसभर आत, गायदऱ्याच्या टेकडीला पाठ टेकून बसलेली ही वाडी. नवरा गेला तेव्हा गिरिजाबाईच्या पदरात दोन पोरी आणि दोन शेळ्या होत्या. पोरी नांदायला गेल्या, शेळ्यांच्या चौदा झाल्या. जमीन म्हणाल तर घरापुढचं अंगण. त्यातल्या निम्म्यावर शेजारच्या गोजरबाईचा हक्क आणि सगळ्यावर गोजरबाईचं लक्ष. कळपाची म्होरकी एक काळी, ठसकेबाज शेळी होती. गिरिजाबाईनं तिचं नाव ‘सरपंचीण’ ठेवलं. त्यावरून खऱ्या सरपंचिणीनं सहा महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेळी मात्र दोघींशीही बोलत असे.

पंच्याण्णव साली वाडीत बातमी आली की टेकडीसाठी जर्मनीचा पैसा येणार. तो एका संस्थेमार्फत यायचा होता, पण गावानं त्याला ‘जर्मनीचं पाणी’ असंच नाव दिलं, जणू टँकर तिकडूनच भरून निघालाय. टेकडीवर चर खणायचे, बांध घालायचे, झाडं लावायची, म्हणजे पावसाचं पाणी मुरून खाली विहिरींना उतरेल, असा तो बेत. अटी तीन. गावानं आधी चार दिवस श्रमदान करायचं. टेकडीवर पाच वर्षं ना कुऱ्हाड न्यायची, ना जनावर चारायचं. आणि सभेत प्रत्येक घराचा एक हात वर झाला पाहिजे. एका घराचा जरी हात खाली राहिला, तर काम शेजारच्या गावाला.

पाणलोट समितीचे अध्यक्ष कारभारीआबा. टेकडीच्या पायथ्याची बारा एकर त्यांची, विहीरही त्यांचीच. त्यांचा उत्साह एवढा की जर्मनी कुठं आहे हे त्यांनी शाळेच्या नकाशावर बोट ठेवून पाहून घेतलं होतं. बोट ठेवून देणारे तातेराव गुरुजी मात्र विरोधात. गुरुजी नात्यानं गिरिजाबाईचे चुलत दीर. पारावर दोघांची रोज जुंपायची.

“बहात्तरला अमेरिकेची तांबडी ज्वारी आल्ती,” गुरुजी म्हणायचे. “पोट भरलं, कबूल. पण गाजरगवत बी परदेशी धान्यासंगंच आलं म्हणतात. ते अजून उपटून राह्यलो.”

“गुरुजी, तुमचा पगार बराबर महिन्याला येतो,” कारभारीआबा म्हणायचे. “म्हणून तुमाला दुसऱ्याचं पाणी कडू लागतं.”

“दुसऱ्याच्या हातानं उभं राह्यलेलं गाव हात काढला की बसतं.”

“आधी उभं तर राहू द्या, मंग बसायचं बघू.”

एके दिवशी गिरिजाबाई शेळ्या घेऊन पारावरून चालली होती. ती थांबली, तशी सरपंचीणही थांबली.

“आबा, एक विचारू? पाणी उतरणार तुमच्या विहिरीत. टेकडी बंद होणार माझ्या शेळ्याला. मंग ही मदत नेमकी कुणाला?”

“गावाला,” आबा म्हणाले. “पाणी आलं की तुला बी मजुरी मिळंल.”

“मला मिळंल. शेळ्याला काय मिळंल?”

“पाच वर्षांचाच तर सवाल हाय.”

“पाच वर्षं उपाशी राह्यलेली शेळी सहाव्या वर्षी कोण चारंल, ते बी सांगा.”

गुरुजी खूश होऊन मांडीवर थाप मारायला गेले. तिनं त्यांच्याकडेही वळून पाहिलं, तशी थाप अर्ध्यावर राहिली.

चार दिवसांनी कारभारीआबा स्वतः तिच्या ओट्यावर येऊन बसले. वीस वर्षांत त्या घरच्या चहाची ज्यांना कधी तहान लागली नव्हती, त्यांनी बशीत ओतून दोन कप रिचवले. चहा संपायच्या आत ही बातमी गोजरबाईनं वेशीपर्यंत नेली होती. गिरिजाबाई चुलीपाशी बसून आबांचं ऐकत होती.

“हात वर कर, पुढचं पुढं बघू,” आबा म्हणाले.

“पुढं म्हंजी किती पुढं?”

त्यावर आबांनी बशी पुसल्यासारखी चाटली आणि उठले.

संध्याकाळी गुरुजी आले. “वैनी, तुमी ठाम ऱ्हावा. हात खालीच ठेवा. परक्याचा पैसा गावात नकोच.”

“गुरुजी, तुमची लढाई पैशाशी हाय, माझी टेकडीसाठी,” ती म्हणाली.

अठरा वर्षं ती त्या टेकडीवर फिरली होती. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी बोट ठेवून नकाशात दिसत नव्हती. जिथं बोराटीच्या काट्यामुळं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं पवन्या गवत कमरेएवढं होतं. म्हणजे टेकडी बंद झाली तर दोन-तीन वर्षांत तिच्यावर गवतच गवत होणार. मग ते कापणार कोण? समितीत आबा ‘लिलाव’ असा शब्द बोलून गेले होते, हे गोजरबाईनं तिला कधीच पोचवलं होतं. लिलाव झाला की गवत जाणार गाई-म्हशीवाल्यांच्या दावणीला. टेकडीही गेली आणि गवतही गेलं, तर चौदा शेळ्यांना हसनाबादच्या बाजाराशिवाय वाट नव्हती. गिरिजाबाईनं मनाशी पक्कं केलं: गवत मिळालं तर हात वर, नाहीतर जर्मनी तिकडं आणि वाडी इकडं.

पाहणीचा रविवार उजाडला. जर्मनीच्या बाई येणार, बरोबर संस्थेच्या उषाबाई बोलणं समजावून सांगायला. आता घोळ असा होता, की समितीनं कागदावर लिहून दिलं होतं, ‘टेकडीवर महिन्यापासून एकही शेळी चरत नाही.’ आणि वाडीत शेळ्या होत्या साठ. तेव्हा समितीनं डोकं चालवलं. पाहुण्या असेपर्यंत सगळ्या शेळ्या शाळेच्या मागच्या खोलीत कोंडायच्या. किल्ली गुरुजींनी हसत हसत दिली. त्याच खोलीत गावाचा मोठा नकाशा भिंतीला टांगलेला होता. बारा दिवस खपून कागदावर रंगवलेला, पाहुण्यांना दाखवायचा. हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नाही.

गिरिजाबाईच्या दारात निरोप आला, तशी ती म्हणाली, “माझ्या शेळ्या आजवर शाळेत गेल्या न्हाईत, आता ह्या वयात कशाला?”

दहाच्या सुमाराला पाहुण्या गाडीतून उतरल्या. उंच बाई, डोक्यावर कापडी टोपी. आबांनी हार घातला, नारळ दिला, आणि तोच टेकडीच्या वाटेनं गिरिजाबाई चौदा शेळ्या घेऊन खाली उतरली. लपत नाही, छपत नाही, गाडीच्या पुढ्यातून. सरपंचीण शाळेपाशी येऊन थबकली. मान वर करून तिनं एक लांब हाक दिली. आतून सेहेचाळीस शेळ्यांनी तिला ओ दिली.

पाहुण्या बाईंनी काहीतरी विचारलं. उषाबाई म्हणाल्या, “बाई विचारताहेत, आज रविवारी शाळा भरली आहे का?”

“पोरं पाठांतर करून राह्यलेत,” कारभारीआबा म्हणाले.

गुरुजींनी पुढं होऊन कडी काढली. पाठांतर दाराबाहेर धावत आलं. भिंतीवर नकाशाची एक चिंधी लोंबत होती. टेकडीचा सगळा हिरवा भाग खाऊन संपला होता. शिल्लक होती ती फक्त कारभारीआबांची विहीर.

पाहुण्या बाईंना हसू आवरलं नाही, आणि तो कागद बाजूला ठेवून सभा तशीच भरली. घरोघरचे हात वर झाले. दोन खाली राहिले, एक गुरुजींचा आणि एक गिरिजाबाईचा. गुरुजींकडं कुणी पाहिलंही नाही.

“तुमची अडचण काय आहे, बाई?” उषाबाईंनी विचारलं.

“टेकडी बंद करा, माझी ना न्हाई. पण तिच्यावर जे गवत येईल, ते आधी आमी कापणार. ज्याला रान न्हाई अन् दारात शेळी हाय, त्याचा पहिला विळा. लिलाव न्हाई.”

पाहुण्या बाईंनी सगळं समजून घेतलं, आणि उषाबाईंकडून सांगितलं की गवताचा निर्णय गावाचा. त्यांना फक्त सगळ्यांचे हात पाहिजेत. गिरिजाबाईनं मान हलवली आणि मोहरा आबांकडं वळवला.

“अगं, दिलं की,” आबा म्हणाले. “सभेत जबान देतो.”

“आबा, जबान तर तुमी शेळ्याची बी दिल्ती. आत्ता शाळेतून भायेर आली.”

सभा हसली. उन्हं चढली. आबांनी शेजारच्या गावाच्या दिशेनं एकदा पाहिलं, तिच्या हाताकडं एकदा पाहिलं. हात पदराखाली शांत होता.

“लिहा गुरुजी,” आबा म्हणाले.

विरोधक असले तरी लिहायला सांगितलं की गुरुजींना राहवत नसे. त्यांनी समासासकट लिहिलं. आबांनी सही केली. गिरिजाबाईनं साक्षरता वर्गात शिकलेलं आपलं नाव सावकाश काढलं, वाळू दिलं, आणि मग हात वर केला.

“आता तुमी, गुरुजी.”

“मी निषेध नोंदवून करतो,” असं म्हणत गुरुजींनी हात कोपरापर्यंत वर केला. उरलेला गिरिजाबाईनं धरून वर नेला.

पहिली दोन वर्षं वाईट गेली. टेकडीवर चर होते, गवत नव्हतं. पाच शेळ्या विकाव्या लागल्या. उरलेल्या नऊ तिनं दावणीला बांधल्या आणि बाभळीच्या शेंगा, बांधावरचा पाला आणायला रोज हसनाबादच्या रस्त्यापर्यंत पायपीट केली. सरपंचीण दिवसभर टेकडीकडं तोंड करून ओरडायची. “मला बी तेच वाटून राह्यलं,” गिरिजाबाई तिला म्हणायची, “पण सही केलीय.” तिसऱ्या वर्षी पवन्या मांडीला लागला. समितीत पुन्हा लिलावाची कुजबुज निघाली, तेव्हा ती बोलावणं नसताना जाऊन बसली. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीत कागद. उघडायची पाळी आली नाही.

आता दोन हजार तीन साल. संस्थेचा फलक गंजून गेला, दोन बांध फुटले ते तसेच आहेत. आबांची विहीर पूर्वी होळीला तळ दाखवायची, ती आता अक्षयतृतीयेपर्यंत टिकते, आणि त्यांची मोसंबी दृष्ट लागेल अशी आहे. पारावरची जुंपणी मात्र सुटलेली नाही.

“परदेशी पाणी मोसंबीला गेलं,” गुरुजी म्हणतात. “गरिबाला काय?”

“अन् गवत कुणाच्या शेळ्याला गेलं?” आबा म्हणतात. “गिरजाबाई, सांग यांना.”

गिरिजाबाई भारा डोक्यावर घेऊन पारापुढून चाललेली असते. दारात आता अकरा शेळ्या आहेत, त्यांतल्या तीन सरपंचिणीच्या लेकी. ती थांबत नाही.

“बरं ते राहू दे,” आबा मागून म्हणतात. “माझी गाय व्याली हाय. चार पेंढ्या ठिवशील का?”

“सांजच्याला या, आबा,” ती चालता चालता म्हणते. “आधी शेळ्याचं होऊ द्या. लिहिलंय तसं.”