ताडपत्रीच्या रिंगा

“मना ट्रक नाय झाकायचा, घरामागं छप्पर करायचाय,” सारसोळ्याहून आलेली कोळीण म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली असं नाही. बाबा फोनवर होते आणि काका ताडपत्रीवर गुडघा रोवून माप घेत होते. ऐकलं फक्त मी, आणि मी पुस्तकातून मान वर केली नाही.

आमचं दुकान वाशीच्या घाऊक बाजारामागच्या रस्त्यावर होतं. ताडपत्री कापायची, कड शिवायची आणि दोरी ओवायला पितळी रिंगा ठोकून द्यायच्या, एवढाच धंदा. मे महिन्यात गिऱ्हाईक वाढायचं आणि माझं कॉलेज बंद असायचं, म्हणून मला फोन घ्यायला बसवत. बसायची जागा म्हणजे दुरुस्तीला आलेल्या ताडपत्र्यांची चळत.

फोन ठेवून बाबांनी विचारलं, “बोला मावशी, केवढी पाहिजे?”

“भिंतीपासून दोन खांबांपर्यंत पुरंल येवढी. गेल्या साली प्लास्टिकची घातली ती उराली, शेजारनीच्या शेवग्यावर जाऊन बसली. सगला जवला भिजला. कोंबऱ्यांना घातला, त्यांनी पन तोंड फिरवला.”

बाबा हसले. ती हसली नाही.

“पावसाचे चार महिने होडी काठावर वर असते शेट. सुके बोंबील, जवला, ह्येच इकून घर चालवायचा. या साली भिजला तर मी काय करू?”

“कॅनव्हासची घ्या. आमच्या भावाच्या हातची रिंग निघत नाही.” बाबांनी काकांकडे बोट दाखवलं. परवा दुपारी यायचं ठरलं.

काका बाबांचे चुलतभाऊ, साताऱ्याकडचे. वीस वर्षं त्यांनी बाजारात गोण्या वाहिल्या. पाठ गेल्यावर बाबांनी त्यांना दुकानात आणलं. रिंग ठोकायचं काम ते मन लावून शिकले होते. खाली लाकडी ठोकळा, पंचाने भोक, भोकातून रिंगेची नळी वर काढायची, तिच्यावर चकती ठेवायची आणि तीन ठोके. तिसऱ्या ठोक्याला नळीची कड उलटून चकतीवर बसायची. चौथा ठोका मारावा लागला तर दिवसभर त्यांचं तोंड वाकडं असायचं.

पण काकांच्या डोक्यात ताडपत्री म्हटलं की खाली गोण्याच. कांद्याची थप्पी झाकली की कापड मालावर टेकतं, दोरी त्याला खाली ओढते, कडेवर आणखी एक गोणी ठेवली की काम झालं. तेवढ्यासाठी कड एकदाच दुमडून, बोटभर आत रिंग ठोकली तरी चालतं. छपराखाली मात्र नुसती हवा असते. वारा खालून घुसतो आणि सगळा ताण रिंगांवर येतो. वीस वर्षं ज्यांनी ताडपत्रीखालचा माल पाठीवर वाहिला, त्यांना रिकाम्या ताडपत्रीचा विचारच सुचत नव्हता.

मला तो सुचला तो बसायच्या जागेमुळे. गॅलऱ्यांच्या, मंडपांच्या, टपऱ्यांच्या ताडपत्र्या एकाच तऱ्हेने फाटून यायच्या: रिंग शाबूत आणि रिंगेपासून कडेपर्यंत कापड चिरलेलं. एक मात्र नुसतं मधलं भोक बुजवायला आली होती, तिच्या सगळ्या रिंगा जागच्या जागी होत्या. मी ती उलटीपालटी करून पाहिली. कुणीतरी कडेच्या दुमडीत सुती दोर घालून शिवला होता, रिंगा दोराच्या आतल्या अंगाला होत्या आणि कोपऱ्यांत कापड दुहेरी होतं. ओढ बसली की रिंग दोराला अडायची.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी मी एकदा म्हणाले होते, “काका, हे माप तिरकं जातंय.” काका उठले, हातोडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “या म्याडम, तुमीच ठोका. कालेजात शिकवलं असंल.” दारातले हमाल हसले. माप तिरकं होतंच, ते त्यांनी नंतर गुपचूप सरळ केलं. पण दिवाळीपर्यंत मी म्याडम होते. माझं मराठी घरात नीट चालायचं, बाजारात आलं की माझं मलाच परकं वाटायचं. तेव्हापासून विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताडपत्री तयार झाली. कड एकदाच दुमडलेली, रिंग बोटभर आत. काकांनी एकेका रिंगेवरून अंगठा फिरवला आणि घडी घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं मागे जेवायला बसले तेव्हा मी घडी उघडली. एका रिंगेतून दोरी ओवून शटरच्या कडीला बांधली आणि पाय भिंतीला लावून ताडपत्री ओढली. माझं वजन ते काय, तरी रिंगेभोवतीचे धागे सरकले आणि कडेच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट दिसायला लागली. मी दोरी सोडली आणि घडी होती तशी घातली.

“जेवलीस का गं?” काकांनी आतून हाक मारली. मी गेले. त्यांनी आपल्या भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात ठेवला, वर ठेचा. सांगायला तेवढीच वेळ होती, बाहेरचं कुणी नव्हतं. मी भाकरी खाल्ली.

हात धुवून होताहेत तोवर ती कोळीण आली. सोबत तिची जाऊ होती, खांद्यावर चुंबळीसाठी जुनं लुगडं.

“झाली का शेट?”

“कालच झाली. बघून घ्या.”

तिने एक कोपरा उलगडला, रिंगेत बोट घालून फिरवलं. “मजबूत हाय ना?”

“मावशी, ह्या रिंगेला हत्ती बांधा,” काका म्हणाले.

“हत्ती नको बाबा, वारा आवरला तरी पुरं.” जाऊ हसली. तिने चुंबळ करून डोक्यावर ठेवली. काकांनी आणि त्या बाईने दोन बाजूंनी घडी उचलली. वाकताना काकांचा एक हात आपसूक कमरेवर गेला.

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला माप विचारत होते. दारात नेहमीचे दोन हमाल टेकून उभे होते. मी चळतीवरून उतरले आणि घडीवर हात ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, काकाही. मी काकांकडे बघितलं नाही, बाईकडे बघितलं.

“मावशी, ही नेऊ नका. वाऱ्यात रिंगा कापडासकट निघतील, मी मघाशी ओढून बघितलं. कडेत दोर घालून परत शिवायला लागेल.”