इंकाच्या राणीचं न्हाणीघर

मीठ बघायला विमानातून येणाऱ्या माणसांबद्दल आसेन्सिया कोल्केचं मत एकोणीस वर्षांत बदललं नव्हतं. यांच्या घरी मीठ नसावं, असं ती म्हणे.

महिन्यातून तीनदा ती या लोकांबरोबर सात दिवस हिंडे. जीपच्या मागच्या बाकावर, गॅसची टाकी आणि बटाट्यांचं पोतं यांच्यामध्ये तिची, म्हणजे स्वयंपाकीणबाईची, जागा. पहिल्या दिवशी सरोवरातलं बेट आणि त्यावरची इंकांची पडकी देवळं, मग नुसतं उघडं पठार, पाचव्या दिवशी तिचं स्वतःचं गाव चाल्यापाता, सहाव्या दिवशी मिठाचं मैदान, सातव्या दिवशी उयुनीचं स्टेशन. मिठावर पोचलं की पन्नाशीचे बाप्ये पोटावर पालथे पडून प्लास्टिकच्या डायनासोरचे फोटो काढत आणि बायका एकमेकींच्या तळहातावर उभ्या असल्यासारखं दाखवत. यातला एक मांस खात नसे, एकीला अंडं चालत नसे, तिसरा इथलं पाणी प्यायला घाबरे. थंडीत गोठवून वाळवलेला काळा बटाटा ताटात दिसला की सगळे नाक मुरडत.

"यांच्या आयांनी यांना उपाशी ठेवायला हवं होतं," ती ड्रायव्हरला सांगे, तेही त्यांच्यासमोरच, हसतमुखानं सूप वाढता वाढता. भाषा कुणाला कळत होती?

पण परदेशी लोक परवडले, असं तिला रेनान कालिसायाकडे पाहून वाटे. हा त्यांचा गाइड. ला पाझचा, इस्त्रीच्या जाकिटातला, गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं सर्टिफिकेट. लामाची लेंडी आणि मेंढीची लेंडी यातला फरक त्याला कळत नसे, आणि तो आसेन्सियाला तिच्याच पूर्वजांची ओळख करून देई.

"हे तुला कुणी सांगितलं रे?" ती विचारी.

"पुस्तकात आहे, मावशी."

"आणि पुस्तकाला कुणी सांगितलं?"

रेनान हसून सोडून देई. माणूस वाईट नव्हता, नुसता पोकळ होता, आणि पोकळ माणसाचा आवाज फार लांब जातो.

गावात तिचे तेवीस लामा होते. ती फिरतीवर असली की शेजारीण ते राखी, आणि त्याच्या बदल्यात आसेन्सिया शेजारणीच्या किनोआची कापणी करून देई. नवरा खाणीतल्या धुळीनं छाती भरून गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. राहिला तो हा कळप, आणि गावाच्या वाऱ्याकडच्या बाजूला असलेला दगडी गोठा. गोठा तिच्या बापानं, निकासियोनं बांधला होता. वीस वर्षं रेल्वेच्या पुलांसाठी दगड घडवून तो परत आला, येताना छिन्न्या घेऊन आला आणि लामांच्या गोठ्याला त्यानं असा एक कोपरा केला की दगड जोडायला त्यात चिखलाचा थेंब नाही आणि दोन दगडांमध्ये सुरीचं पातं शिरत नाही. लोक म्हणाले, लामांना हे काय कळणार? निकासियो म्हणाला, मला कळतं. तेव्हा आसेन्सिया आठ वर्षांची होती आणि पाणी आणून देत होती. दगड वाहायला शेजारचा सोळा वर्षांचा पोलिकार्पियो होता. पुढे तोच तिचा दीर झाला.

पहिला दगड बसवण्याआधी निकासियोनं कोपऱ्याखाली खड्डा केला. त्यात आईच्या पोटातच गेलेलं, वाळवलेलं लामाचं पिल्लू ठेवलं, कोकाची पानं ठेवली आणि दारूची एक भरलेली, सील न फोडलेली बाटली ठेवली. धरणीमायचा घास. तिला आधी खाऊ घातल्याशिवाय तिच्या पाठीवर कुणी भिंत उभी करत नाही. गावातल्या प्रत्येक घराखाली असा घास आहे.

दोन वर्षांपूर्वी एकदा पाचव्या दिवशी गारांचा पाऊस झाला आणि गावापलीकडच्या खऱ्या अवशेषांकडे जाणारा रस्ता वाहून गेला. परदेशी लोक हातातला कागद नाचवायला लागले. त्यावर पाचव्या दिवसासमोर 'इंकांचे अवशेष' असं छापलेलं होतं. रेनाननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ निकासियोच्या गोठ्याकडे बोट केलं. पाचशे वर्षं जुना, म्हणाला. आसेन्सिया बटाटे सोलत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"मग ती पाण्याची कुंडी कशाला सोडलीस?" तिनं त्याला नंतर डिवचलं. "तिथं इंकाची राणी न्हायची, असंही सांग की."

पुढच्या फेरीला त्यानं ते खरोखर सांगितलं. लामा ज्यात तोंड घालत त्या कुंडीपुढे एका बाईनं हात जोडले. आसेन्सियानं ही गंमत गावभर केली. लोकर कातणाऱ्या बायकांत, चर्चच्या पायरीवर, लग्नात, जिथं चार माणसं भेटतील तिथं. तिच्याइतकं कुणाचं हसं करणं गावात कुणाला जमत नसे. सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर गाव विचार करायला लागलं, आणि तिथंच तिचं चुकलं. गावात अक्कल वाटायला जाऊ नये, ती भलतीकडेच उगवते.

त्या वर्षी गावच्या मुखियापणाची पाळी पोलिकार्पियोवर आली. आयुष्यभर ज्याला स्वतःची बायको विचारत नव्हती, त्याच्या हातात मुखियाची चांदीच्या मुठीची काठी आली. महिन्याभरात गोठ्यासमोर पाटी लागली, 'इंकाच्या राणीचं न्हाणीघर'. पाटीखाली टेबल, टेबलावर तिकिटांचं पुस्तक, दर माणशी दहा बोलिव्हियानो. आणि आसेन्सियाला निरोप आला की नोव्हेंबर संपायच्या आत लामा बाहेर काढ, अवशेषात लेंड्या शोभत नाहीत.

नऊ माद्या गाभण होत्या. त्या बाजूला वारा असा सुटतो की आडोसा नसेल तर ओलं पिल्लू उभं राहायच्या आत आखडून मरतं. दुसरा आडोसा तिच्याकडे नव्हता.

रविवारी भर दुपारी गाव गोठ्यापाशी जमलं. आसेन्सिया कमरेवर हात ठेवून कोपऱ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, ही भिंत कुणी बांधली?"

"इंकानं," पोलिकार्पियो म्हणाला.

"दगड तर तुम्ही वाहिलेत. एक पायावर पाडून घेतलात आणि माझ्या बापापुढे भोकाड पसरलंत."

"मला नाही आठवत, वहिनी. वय झालं."

"वय झालं असेल तर काठी खाली ठेवा."

लोक हसले. तिला बरं वाटलं, आणि ती पुढे बोलून गेली. "या कोपऱ्याखाली बाटली आहे. काचेची, रेल्वेच्या कँटीनची चिठ्ठी लावलेली. इंका कँटीनमध्ये प्यायला जायचा का, विचारा त्या रेनानला."

हसणं थांबलं. पोलिकार्पियो शांतपणे उठला, शेजारच्या अंगणात गेला, तिथली कुदळ घेऊन आला आणि त्यानं ती तिच्या हातात दिली.

"खण," तो म्हणाला.

आसेन्सियानं आयुष्यभर पाद्रीबाबाला नावं ठेवली होती, भगताला ठेवली होती, नवस बोलणाऱ्या बायकांना तर तोंडावर ठेवली होती. आता तिनं कुदळ उचलली आणि ती वरच राहिली. धरणीच्या तोंडातला घास उपसायचा, तोही बापानं स्वतःच्या हातानं भरवलेला. आणि घास काढायचा म्हणजे कोपरा पाडायचा. बापानं केला हे सिद्ध करायला बापाचंच काम मोडायचं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. पोलिकार्पियो काठीवर रेलून वाट पाहत होता. त्याला हे आधीच माहीत होतं. या बुळ्याला आयुष्यात पहिल्यांदाच काही आधी कळलं होतं, आणि ते हे.

तिनं कुदळ खाली ठेवली.

"शाळेचं छप्पर वादळात उडालंय, वहिनी," तो म्हणाला, आता जरा मऊ आवाजात. "तिकिटांतून ते होईल. आणि लामा राहू देत, बाहेरच्यांना लामा आवडतात. फक्त कुणी विचारलं तर जे गाव म्हणतं तेच तू म्हणायचं."

बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या. त्यांची पोरं प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली शिकत होती. आसेन्सिया सगळ्यांच्या अंगावर थुंकेल अशी नजर फिरवत राहिली, आणि मग नऊ गाभण माद्यांसाठी हो म्हणाली.

जानेवारीच्या फेरीत एक म्हातारा होता, पोर्तुगालकडचा, जाड बोटांचा. पाच दिवस तो कुणाशी बोलला नाही. काळे बटाटे सगळे खाई, वाडगा पावानं पुसून परत देई. त्याच्यात नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून आसेन्सियाची चिडचिड होत होती. चाल्यापाताला बाकीचे राणीच्या कुंडीपाशी फोटो काढत बसले आणि हा सरळ कोपऱ्याकडे गेला. त्यानं टोपी काढली, सांध्यावरून अंगठा फिरवला, वाकून खालून पाहिलं आणि मोठ्यानं हसला. मग रेनानला बोलावून काहीतरी म्हणाला. रेनानचा चेहरा उतरला.

"मावशी," तो तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हा गवंडी आहे. म्हणतो, दगडावर लोखंडी छिन्नीचे घाव आहेत, आणि इंकांकडे लोखंड नव्हतं. कुणाला सांगणार नाही म्हणतो. चाळीस वर्षांत असा सांधा त्याला एकदाही साधला नाही म्हणे. ज्यानं हा कोपरा केला त्याचं फक्त नाव हवंय त्याला."

म्हातारा टोपी हातात धरून तिच्याकडे बघत होता. टेबलापाशी पोलिकार्पियोनं तिकिटं फाडायची थांबवली. भिंतीच्या आडोशाला सात पिल्लं होती, कालच झालेलं एक अजून पाय फाकवून उभं राहत होतं. नाव आसेन्सियाच्या जिभेवर होतं.

"सांग ना, मावशी," रेनान म्हणाला. त्यालाही ऐकायचं होतं.

"इंकानं बांधलं," आसेन्सिया म्हणाली.

रेनाननं ते त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, टोपी घातली आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

पन्नास वर्षांत निकासियो कोल्केचं नाव विचारत कुणी आलं नव्हतं. एक आला, तोही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून, आणि त्याला सख्ख्या मुलीनं रिकाम्या हातानं परत पाठवलं.