आदली संध्याकाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. 'फायरआबेंट' या जर्मन शब्दावरच्या माझ्या ज्या लेखाचं कौतुक झालं, त्यातला मुख्य मुद्दा माझा नाही. माझ्या वडिलांचा आहे, आणि त्यांना जर्मनचं अक्षरही येत नाही.

मी बनारसमध्ये जर्मन शिकवतो. पंधराएक वर्षांपूर्वी पंचगंगा घाटाजवळच्या आमच्या घरी चार विद्यार्थी चहाला आले होते. मी रंगात आलो होतो. "फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. काम सुटलं की रोजच सण, म्हणून जर्मन माणूस त्या वेळेला फायरआबेंट म्हणतो."

कोपऱ्यात अण्णा, माझे वडील, पोथी बांधत होते. ते घरीच वेद शिकवायचे. दुसऱ्या दिवशी अष्टमी, म्हणजे अनध्याय, अध्ययनाला सुटी. आणि आमच्याकडे पोथी आदल्या संध्याकाळीच बांधतात. गाठ मारता मारता म्हणाले, "सणाची नसेल रे. सणाच्या आदल्या दिवसाची असेल. हात तेव्हाच थांबवावा लागतो."

"अण्णा, तुमचं पंचांग जर्मनीत चालत नाही."

मुलं हसली. अण्णाही हसले, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी मी व्युत्पत्तिकोश उघडला. मूळ अर्थ, सणाची आदली संध्याकाळ. रोजचं काम सुटण्याची वेळ हा अर्थ नंतर कारागिरांच्या बोलीतून आला. मी लेख लिहिला. 'माझ्या लक्षात आलं' असं त्यात तीनदा आहे. घरी चकार शब्द काढला नाही. जेवताना एखादा शब्द फोडून दाखवायची अण्णांची सवय मात्र सुटली. विचारलं तर म्हणायचे, "तू शिकलेला, तूच सांग."

आता तो लेख पुस्तकात येतोय. मी त्यात अण्णांचं नाव घातलं. सहकारी म्हणाला, "फुटनोट में क्या लिखोगे, पिताजी, चाय पर?"

"हां, यही लिखूंगा."

"लोग हंसेंगे, भाई."

हसू देत. लेख मी मागे घेणार नाही, त्यातली व्युत्पत्ती खरी आहे. जर्मन शिकल्याचीही मला लाज नाही. खोटा होता तो 'माझ्या', आणि तो मी तिन्ही ठिकाणी खोडला आहे. ज्याला हे शोभत नाही असं वाटेल त्याने वाचू नये.

पण अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत, आणि पुस्तक जर्मनमध्ये आहे, ते त्यांना वाचता येणार नाही. तुम्ही बरोबर होतात आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं मी अजून देणं लागतो.