हिरव्या झग्याची डावी बाही

टेलरमास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगत आले आणि त्यांचा तो उद्या काही कधी उजाडला नाही. गिऱ्हाईक तणतणत यायचं, मास्तरांच्या गप्पा ऐकून हसत परत जायचं. असा बोलका माणूस! आणि आता डोक्यातलं एकेक पुसत चाललेलं. आधी गिऱ्हाइकं गेली, मग दुकान, मग घरचा रस्ता. अख्खा संसार करून एका सकाळी त्यांनी बायकोलाच विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" तेव्हापासून काकूंच्या वाट्याचं 'अगं' संपलं.

दिवसभर मास्तरांच्या तोंडातून शब्द नाही. घास पुढे केला की मान फिरवायचे. एकदा उन्हाने जीव नकोसा झाला तेव्हा काकूंनी त्यांना चित्रांच्या संग्रहालयात नेलं. का, तर आत गार असतं आणि तिकीट नाही. एरवी युरोपातल्या त्या जुन्यापुराण्या चित्रांशी त्यांचं काय देणंघेणं! पण वरच्या दालनात मास्तर थबकले. समोर हिरव्या झग्यातली, मांडीवर मांजर घेतलेली कोणी बाई. मास्तरांनी मान वाकडी करून पाहिलं आणि चक्क बोलले, "डावी बाही ओढतेय. उसवून लावावी लागेल. उद्या या."

काकूंना हसावं की रडावं कळेना. मेली कोण कुठली, तिच्याशी बोलतात, माझ्याशी नाही! पण बोलतात तर! मग दर आठवड्याची फेरी ठरली. तीच बाही, तोच उद्या. नंतर बाहेरच्या बाकावर मास्तर दोन घास मुकाट खायचे. तेवढ्यावर काकू पुढचा आठवडा रेटायच्या.

आज वर आल्या तर भिंत मोकळी. नुसते दोन खिळे.

"चित्र बाहेरगावी प्रदर्शनाला गेलंय, ताई," रखवालदार म्हणाला. "वर्षभराने येईल."

वर्षभराने! तोवर ह्यांच्यात काय उरलेलं असेल, देव जाणे.

"अहो, ही मेंढरं बघा ना. ही होडी बघा," काकू विनवू लागल्या. मास्तर ढुंकून बघेनात. भिंत चाचपत ओरडायलाच लागले, "गिऱ्हाईक कुठे गेलं? तिची बाही राहिलीय!" लोक वळून बघायला लागले. रखवालदार बिचारा नुसता "मास्तर, मास्तर" करत राहिला. काकूंनी हात धरला, तो त्यांनी हिसडला. आता मात्र काकूंनी हात टेकले. काही सुचेना, म्हणून त्या सरळ जाऊन त्या खिळ्यांखाली उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मास्तर गप्प झाले. जवळ आले, मान वाकडी केली. त्यांचा अंगठा काकूंच्या ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर टेकला आणि शिवणीवरून सावकाश खाली आला.

"बरोबर बसलीय बाही," ते म्हणाले. "कोणी शिवली, बाई?"

"माझ्या नवऱ्याने."

"हात चांगला आहे हो त्याचा. दुकान कुठे आहे?"

काकूंनी बाहीवरचा त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

"त्याला म्हणावं, मला भेटून जा," मास्तर म्हणाले. "उद्या ये म्हणावं."

"सांगते," काकू म्हणाल्या.