वर श्री नसलेलं कार्ड

डिसेंबर सरत आला की कोणी ना कोणी मला विचारतंच, "काय, नव्या वर्षात काय लिहिणार?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर द्यायचं तर एका पौषातल्या मळभापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा वेळ विचारणाऱ्याकडे नसतो.

मी तेव्हा उरणला शाळेत मास्तर होतो. वय बावीस, पगार बेताचा आणि अक्कल पगाराहूनही बेताची. त्या साली नाताळच्या सुट्टीत मी घरी गेलो नाही. घर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. करंजाहून मचव्यात बसलं की खाडीपलीकडे रेवस, तिथून अलिबाग आणि पुढे रेवदंड्याच्या वाटेवर आमची नारळी-पोफळीची वाडी. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. पण मला लेखक व्हायचं होतं. घरी गेलं की आई नुसती खायला घालते आणि लेखन होत नाही, अशी माझी तक्रार होती. म्हणून खोलीवरच राहिलो.

आठ दिवस सूर्य दिसला नाही. मिठागरात नुकतं धरू लागलेलं मीठ अवकाळी बुरबुरीने विरघळून गेलं, आणि तिथली माणसं हातावर हात ठेवून बांधावर बसून राहिली. अंथरूण दमट, कागद दमट. सकाळी लिहिलेलं दुपारी वाचावं तर माझी मलाच लाज वाटायची. काम होईनासं झालं की माणूस कामाचे बेत करतो. मीही तेच केलं.

पहिल्या जानेवारीला मी चार बेत कागदावर उतरवले. वर्षभरात बारा कथा लिहायच्या. रोज दोन पानं, ताप आला तरी. दर रविवारी घरी पत्र. आणि चौथा बेत असा की जुनी वळणं टाकायची, लिहिताना माथ्यावर श्री घालायचं नाही. हा चौथा खरं तर माझ्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मास्तरांचा. ते म्हणाले होते, "देवाला डोक्यावर बसवल्याशिवाय तुम्हाला चार ओळी लिहवत नाहीत का हो?" मला ते एकदम पटलं. त्या श्रीने माझं काय घोडं मारलं होतं कोण जाणे! त्याच जोशात एक कार्ड घेतलं, चारही बेत वडिलांना कळवले, माथा कोरा ठेवला आणि भुरभुरत्या पावसात जाऊन ते पेटीत टाकून आलो. परत येताना आपण काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं.

आमच्याकडे श्री नसतं ते मरणाच्या पत्रावर. तसं पत्र वाचून झालं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं, फक्त त्या दिवशी त्याची किंमत वाटली नाही.

आणि माझ्या आईला वाचता येत नव्हतं. लहानपणी पाटीवर श्री गिरवताना मी तिला ते एवढं एक अक्षर दाखवलं होतं, आणि तेवढंच तिने जन्मभर ओळखलं. माझं कार्ड आलं की ती आधी माथा बघायची. वर श्री दिसलं की म्हणायची, "बरा हाय." मग वडील वाचून दाखवेपर्यंत ते कार्ड पदराखाली घेऊन खुशाल कामाला लागायची. अक्षर कोणाचं आहे हे तिला कळायचं कारणच नव्हतं.

माझं कार्ड पोचलं तेव्हा वडील माणगावला आत्याकडे गेले होते. टपालवाला एरवी उभ्या उभ्या वाचून दाखवायचा, पण त्या दिवशी पावसाच्या घाईत "उरणचं कार्ड" एवढंच म्हणून ते हातात देऊन तो पुढे गेला. पुढचं मला शेजारच्या वाडीतल्या चाचीने सांगितलं. तिचा नवरा, आमचे चाचा, मालाचा पडाव घेऊन समुद्रमार्गे मुंबईला गेलेले, आणि वाचता तिलाही येत नव्हतं.

आई विहिरीवर गेली. नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मरणाची बातमी आली की करतात तसं. कार्ड घरात नेलं नाही, रहाटाच्या खांबाच्या खाचेत खोचून ठेवलं. चूल पेटवली नाही. ओल्या लुगड्यात पडवीच्या बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. ती रडतसुद्धा नव्हती, चाची सांगत होती.

"मी बोल्ले, चल, गावच्या मास्तराकडं जाऊ, कोणाकडून तरी वाचून घे. तर बोल्ली, नको गं. वाचलं न्हाय तवर माजा पोर जित्ता हाय."

अशी दोन दिवस आणि दोन रात्री ती बसली. गावात वाचणारी चार माणसं होती, पण ती एकाच्याही दारी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी वडील आले. खांबातलं कार्ड काढून त्यांनी तिथेच मोठ्याने वाचलं. बारा कथा, रोज दोन पानं, दर रविवारी पत्र. आई म्हणे हसत सुटली आणि मग तिला रडं आवरेना. त्या संध्याकाळीच तिला ताप भरला.

वडिलांचं बोलावणं आलं तसा मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. आई खाटेवर होती. छाती भात्यासारखी वाजत होती. उशाशी माझं कार्ड. त्याच्या कोऱ्या माथ्यावर कुंकू कालवून बोटाने श्री काढलेलं होतं. वेडंवाकडं, वेलांटी भलतीकडे गेलेली. आईने आयुष्यात लिहिलेलं तेवढंच. मी कार्ड हातात घेतलं.

"तसं घरात कसं ठेवू रे?" ती म्हणाली. "तुला बादलं असतं."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "तुजं काय न्हाय रे चुकलं. मीच येडी." थोड्या वेळाने दम घेत घेत विचारलं, "बारातल्या किती झाल्या?"

एकही झाली नव्हती. मी म्हटलं, "एक झाली." आईशी मी बोललेलं ते शेवटचं खोटं. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. तिला बरं वाटलं असावं, निदान मी तसं धरून चाललो आहे.

संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी ती गेली. मळभ तेव्हाही होतंच. माणसं स्मशानातून परतली, आणि वडिलांनी माझ्यापुढे दऊत ठेवली. नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलं कार्ड पुढे ओढलं आणि सवयीने टाक माथ्याकडे गेला. लहानपणापासूनची सवय, बेत केल्याने थोडीच जाते!

वडिलांनी माझं मनगट धरलं. "वर काय घालू नको," ते म्हणाले. "ह्यावर नसतं."

मी सतरा कार्डं लिहिली, सगळी कोऱ्या माथ्याची. त्या साली माझ्या हातून एवढंच लेखन झालं.