पालथी कढई

सिंदी मेघेचे दौलतराव भाजी पिकवत आणि टीव्हीवरच्या सगळ्यांना नावं ठेवत. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र ते एका हिंदी मालिकेपुढे दर रविवारी पोथीला बसल्यासारखे बसू लागले. मालिका खंदकातल्या चार शिपायांची. वर तोफा, खाली थट्टा. त्यातला जाडा आचारी शिपाई गोळा पडला की स्वतःच्या डोक्याआधी वरणाचं पातेलं झाकायचा.

"आपला ज्ञाना असाच हाये," दौलतराव म्हणत. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर फौजेत, कारगिलकडे. महिनाभर खबर नव्हती. तो काडीसारखा होता आणि त्याला चहाही जमत नसे, हे त्यांची बायको मनकर्णाबाई बोलून दाखवत नसत. त्या मालिकेच्या वेळी कढई चढवून भजी तळत.

एका रविवारी आचारी पातेलं आणायला खंदकाबाहेर गेला, तो परतला नाही. मनकर्णाबाईंनी अर्ध्यातच कढई उतरवली. मरणाच्या घरी तळण चालत नाही, कढई पालथी पडते.

"अवो, नाटकातला मेला थो. कढई काऊन उतरवली?"

"मंग तुमी काऊन रडून राह्यले?"

सोमवारी दौलतराव बाजारात गेले नाहीत. घासलेली कढई अंगणात पालथी होती. शेजारचा तानबा आणि त्याची बायको सुमित्राबाई आर्वीहून बारसं आटोपून आले, त्यांनी ती पाहिली. दुपारी दोघं पिठलं-भात घेऊन, मान खाली घालून दारात.

असलं जेवण कोणत्या घरी नेतात, हे दौलतरावांना माहीत होतं. 

"तार तुह्या घरी आली का, तानबा?"

"आमच्या घरी कायले येईन, दादा? तुमालेच आली ना?"

"मले नाई आली! तुले कोनं सांगतलं?"

तानबाने कढईकडे बोट केलं.

"माय, थो टीव्हीतला मेला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मालिकेत अशा जागी मागून हसण्याचा आवाज येई. अंगणात फक्त खुंट्याची गाय हंबरली.

जिवंत माणसाच्या नावचं पिठलं खावं कसं आणि परत न्यावं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुमित्राबाईंनी ते गाईपुढे ठेवलं. मनकर्णाबाईंनी कढई सुलटी केली, चुलीवर चढवली.

त्यानंतर ती रोज चढू लागली. गल्ली बिनतक्रार भजी खाई. दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मनकर्णाबाईंचा झारा तेलावर थांबे. घंटा पुढच्या घराकडे गेली की मग त्या भजं उलटत. तोवर एक बाजू करपलेली असे.