ऑपरेशन थिएटरातलं गाऱ्हाणं

आमच्या सर्जरीच्या सरांइतका संशयी माणूस सबंध सिंधुदुर्गात दुसरा नसेल. आणि असलाच, तर सरांनी आधी त्याचं ओळखपत्र तपासून घेतलं असतं. एसटीवर आचऱ्याची पाटी ठळक दिसत असली तरी सर ड्रायव्हरला विचारत, "आचऱ्याक जाता मां?" मग आत चढून तेच कंडक्टरला विचारत आणि दोघांची उत्तरं जुळली की मगच बूड टेकत. मालवणच्या बाजारात ते सुरमईचे कल्ले उघडून बघायला लागले की मासेवाली म्हणे, "डॉक्टरांनु, ती मेली आसा, आता तिका तपासून काय करतलास?" एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाला हळूच विचारलं होतं, "हीच मां रे?" सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, हे सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या लग्नातय विचारल्यानी."

थिएटरात मात्र या संशयाचं सोनं होई. आमच्याकडे देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. सरांनी ती रीत जशीच्या तशी ऑपरेशनला आणली होती. रोगी टेबलावर आला की भूल द्यायच्या आधी सर हात जोडून सुरू करत, "बा देवा म्हाराजा, ह्या पिंगुळीचा लेकरू, ह्येका उजवे बाजूक हार्निया आसा..." "होय म्हाराजा!" "ह्येका खंयच्या औषधाची बाधा नाय..." "होय म्हाराजा!" सिस्टर, भूलतज्ज्ञ, विद्यार्थी, खुद्द रोगी, सगळ्यांनी म्हणायचं. आमच्या ख्रिस्ती सिस्टर आधी क्रुसाची खूण करत आणि मग सगळ्यांत मोठ्याने ओरडत. बाहेरून आलेले डॉक्टर गालात हसायचे. हसोत बापडे.

मग करोना आला आणि आमचं शेवटचं वर्ष मोबाइलात गेलं. ज्या वर्षी रोग्याच्या पोटावर हात ठेवायला शिकायचं, त्या वर्षी मी घरामागच्या काजूखाली, जिथे रेंज मिळे तिथे बसून सरांचं निम्मं कपाळ बघत होते. सर घरातल्या खुर्चीच्या पायाला सुतळीच्या गाठी मारून दाखवत आणि उशीला छाती समजून नळी कुठे घालायची ते शिकवत. "दिसता मां?" आम्ही म्हणायचो, दिसतं. त्यांचा विश्वास कसला बसतोय! मग एकेकाला आपापली उशी कॅमेऱ्यासमोर धरायला लावत. एकदा मध्येच थांबले आणि म्हणाले, "फोनात बघून कोणाक पाण्यात पोवूक येयत? तुमका डॉक्टर म्हणान सोडूक माका भिया वाटता." त्या वाक्याने माझी झोप उडाली, कारण मलाही तेच वाटत होतं. परीक्षा झाली, पास झाले, आणि मला थेट करोना वॉर्डात उभं केलं.

वय आणि मधुमेह यांमुळे सरांना आत यायला बंदी होती. ते काचेबाहेर स्टूल टाकून बसत आणि वॉर्डातल्या फोनवर आमच्यामागे भुणभुण लावत. एका दुपारी बांद्याचे एक ख्रिस्ती मास्तर, आदल्या दिवसापर्यंत ऑक्सिजन लावूनही पाढे म्हणणारे, एकाएकी तडफडायला लागले. ओठ निळे पडले. वॉर्डातच एक्स-रे काढला, तो धुऊन बाहेर सरांच्या हातात गेला. छातीत एका बाजूला हवा साठून फुप्फुस दबलं होतं. नळी घालून हवा काढायची, तीही ताबडतोब. माझ्या वरचे डॉक्टर पलीकडच्या वॉर्डात दुसऱ्या रोग्याच्या घशात नळी घालण्यात गुंतलेले. आत मी आणि सिस्टर. मी आजवर नळी घातली होती ती फक्त उशीत.

सरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. फोनच्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला, भराभर, पण गाऱ्हाणंच. "बा देवा म्हाराजा, ह्ये बांद्याचे मास्तर..." "होय म्हाराजा!" "ह्येंच्या उजवे बाजूक हवा भरली आसा..."

सिस्टर म्हणाल्या, "होय म्हाराजा!" दोन-दोन हातमोज्यांतून मी मास्तरांची छाती बोटांनी वाजवून बघितली होती. रिकाम्या डब्यासारखी वाजत होती ती डावी. श्वासाबरोबर हलत नव्हती तीही डावी. पण गाऱ्हाण्याला "नाय" म्हणायची रीतच नाही, आणि सरांना तर जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. चांगल्या फुप्फुसात नळी गेली तर मास्तर संपणार होते. आणि मी कोण? काजूखालची डॉक्टर.

"नाय म्हाराजा," मी म्हणाले. "डावी."

"परत वाजय," सर म्हणाले. मी परत वाजवलं. "डावीच, सर." काचेपलीकडे सरांनी एक्स-रे खाली घेतला, कोपऱ्यातली डाव्या-उजव्याची खूण बघितली, आणि मला त्यांचा चेहरा पडलेला दिसला. "उलटो धरलेलो मी," ते म्हणाले. "घाल गो चेडवा. डावे बाजूक."

नळी बसली. बाटलीत बुडबुडे यायला लागले आणि थोड्या वेळाने मास्तरांचे ओठ पुन्हा माणसाच्या रंगाचे झाले. सिस्टर रडत होत्या. मी मास्तरांची छाती पुन्हा एकदा, दोन्ही बाजूंनी, वाजवून बघितली.

पुढे मी सरांना विचारलं, तेव्हा मुद्दाम माझी परीक्षा घेत होतात ना? ते म्हणाले, "परीक्षा कसली? चुकलंय मी." त्यानंतर त्यांनी हातात सुरी धरली नाही. सगळ्या जगावर संशय घेऊन झाल्यावर आता ते स्वतःवर घ्यायला लागले होते. मी खूप समजावलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

मी पुढे सर्जरीच केली. यंदा सरांचंच ऑपरेशन निघालं. त्यांचा मुलगा म्हणाला मुंबईला चला, सर म्हणाले हिच्याकडेच. कुठली सुरी, कुठली भूल, किती ऑपरेशनं केलीस, काही म्हणजे काही विचारलं नाही त्यांनी. टेबलावर जाऊन आडवे झाले. मला ते सोसेना. एखादा तरी प्रश्न विचारा म्हणून मी वाकून उभी राहिले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"भियातंस काय गो?"

"हो, सर."

"बरा आसा," असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं. "मीय भियातंय."

भूल चढेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.